तिथी बघून बॅग भरा: गुहागर ते रत्नागिरी, कॅमेरा पाठीवर घेऊन

कोकण किनाऱ्याने चार-पाच दिवस पायी फिरून फोटो काढायचे ठरलं की आधी सुट्ट्या बघितल्या जातात, मग राहायच्या जागा, आणि भरतीची आठवण होते ती थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उभं राहिल्यावर. हा क्रम उलटा करा. अमेरिकेत युटाच्या वाळवंटातल्या अरुंद घळींमध्ये पाठपिशवी घेऊन उतरणारे लोक आधी आभाळ बघतात, कारण कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत अचानक येतो. आपल्याकडे पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, तेही सांगून. तरी माणसं अडकतात, ती न बघितल्यामुळे.

हा आराखडा गुहागर ते रत्नागिरी या पट्ट्यासाठी आहे: गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. पाच रात्री, सहा दिवस. हाच पट्टा का, तर पुळण, काळा कातळ, जांभ्याचा सडा (तांबड्या दगडाचं उघडं पठार), मोठी खाडी, किल्ला आणि हेदवीची बामणघळ (समुद्राने कातळात कोरलेली फट) हे सगळं एका ओळीत येतं, आणि कुठेही सलग दोन तासांच्या वर वस्तीपासून लांब राहावं लागत नाही.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं. हे गणित मुंबईच्या आसपास जास्त जुळतं. गुहागर-रत्नागिरीकडे भरती अर्धा ते एक तास आधी येते, हे वजा करायचं.

हा झाला कच्चा अंदाज. तारखा ठरवायला तो पुरतो, खाडी ओलांडायला पुरत नाही. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे भरतीचे तक्ते किंवा हैदराबादच्या इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचे) अंदाज बघा, आणि ते रत्नागिरीचे किंवा जयगडचे आहेत ना याची खात्री करा. मुंबईचा तक्ता घेतला तर वेळ तर चुकतेच, उंचीही चुकते. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, रत्नागिरीत तेच दोन ते अडीच मीटर. मोबाइलवरची काही ॲपं वेळ ग्रीनविचची दाखवतात. साडेपाच तासांचा हा घोळ पहिल्याच दिवशी खिडकीतून समुद्र बघून पकडायचा.

आता फोटोचा मुद्दा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पडते. सूर्य मावळताना कातळ उघडा, वाळू ओली आणि आरशासारखी. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (पाणी कमी चढतं-उतरतं त्या) भरतीला, सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर आलेलं असतं: पुळण अरुंद, कातळ बुडालेला, आणि लाटांतही फार जोर नाही. म्हणून सहल उधाणाकडे चढत जाणाऱ्या तिथींवर बसवायची. दशमीला गुहागरला पोहोचायचं आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला रत्नागिरीत संपवायचं.

पौर्णिमा की अमावास्या? पौर्णिमेला सूर्य समुद्रात बुडत असतानाच पूर्वेकडे डोंगरावर चंद्र येतो, आणि रात्री चांदण्यात सड्यावरून चालता येतं. कार्तिकातली त्रिपुरारी पौर्णिमा साधली तर बऱ्याच देवळांत दीपमाळा उजळलेल्या मिळतात. अमावास्येला तारे. पण आकाशगंगेचा दाट मध्य प्रत्येक महिन्यात दिसतोच असं नाही. दिवाळीच्या अमावास्येला तो अंधार पडल्यावर लगेच नैर्ऋत्येला समुद्रावर, क्षितिजाजवळ दिसतो आणि तास-दोन तासांत बुडतो. डिसेंबर-जानेवारीत तो नसतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, डोंगरावर. हे न बघता डिसेंबरात तारे टिपायला येणारे बरेच असतात. त्यांना मृग नक्षत्र मिळतं, तेही काही वाईट नाही.

आमचा कल कार्तिक अमावास्येकडे, म्हणजे दिवाळीनंतर महिन्याने. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, नाताळची सुरू झालेली नसते, हवा कोरडी होत असते. पौर्णिमा धरलीत तर संपवून लगेच निघा, कारण चार दिवसांनी संकष्टी येते आणि गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर दिवस पुढेमागे होईल, तेवढी रजा हातची ठेवा.

ऋतूचं थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात आणि ती किनाऱ्याला लागली नाहीत तरी लाटा लागतात. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार वादळ जमिनीवर आलंच नाही, पण कोकणात पाणी वस्तीपर्यंत चढलं होतं. निघण्याआधी आणि रोज संध्याकाळी इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा बघायचा. पावसाळ्यात हा रस्ता धरू नये. सड्यावरची फुलं, सीतेची आसवं, गेंद, कावळा वगैरे, बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात एका गावात मुक्काम टाकून निराळी सहल करा.

वाट आणि दिवस

चालण्याचा वेग असा धरा: ओल्या घट्ट वाळूवर तासाला चार किलोमीटर, कोरड्या भुसभुशीत वाळूवर अडीच, सड्यावरच्या पायवाटेवर साडेतीन, डांबरी रस्त्यावर साडेचार ते पाच. हे नुसत्या चालण्याचं. फोटो काढत गेलात की वेळ दुप्पट. म्हणून दिवसाला पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नका, आणि त्यातलाही कंटाळवाणा डांबरी तुकडा एसटीने किंवा रिक्षाने उरका. सगळं पायीच झालं पाहिजे असा हट्ट धरणारे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय वर करून खोलीत पडतात, आणि उजेड बाहेर वाया जातो.

दशमी: कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर, साधारण पंचेचाळीस किलोमीटर. गुहागरची पुळण पाच-सहा किलोमीटर लांब आणि सरळ आहे. संध्याकाळ तिथेच काढा, कॅमेऱ्याची सगळी बटणं, फिल्टर, ट्रायपॉड एकदा वापरून बघा. काही राहिलं असेल तर पुढच्या गावांत मिळणार नाही.

एकादशी: असगोली, पालशेत, बुधल, वेळणेश्वर. मध्ये खाडीची तोंडं आहेत, तिथे आतल्या रस्त्याने पुलावरून वळसा घ्यावा लागतो. पालशेतपर्यंत गाडीने आलात तर बुधलला भरपूर वेळ मिळतो. कातळावरचं देऊळ, खाली होड्या, उतारावर घरं, हे सगळं एका चौकटीत येणारं बुधलसारखं गाव या पट्ट्यात दुसरं नाही. दुपारी तीन-साडेतीनला पोहोचा.

द्वादशी: वेळणेश्वर ते हेदवी. अंतर कमी, दिवस मोकळा. सकाळी उशिरा निघून सड्यावरून जा आणि दुपारच्या ओहोटीत बामणघळ आधी नुसती बघून ठेवा. याचं कारण पुढे येतं.

त्रयोदशी: सकाळी बामणघळ, मग नरवण, रोहिले, तवसाळ, फेरीने जयगड. इथे अर्धी वाट गाडीने करा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. शेवटची फेरी चुकली तर खाडीला रस्त्याने घालायचा वळसा फार मोठा आहे, मग तवसाळलाच राहावं लागतं.

चतुर्दशी: सकाळी जयगड किल्ला, मग मालगुंड, गणपतीपुळे. जयगडाजवळ बंदर आणि वीज प्रकल्प आहे, त्यांच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवू नका, सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात सकाळ जाते. या दिवशी दुपारी रिक्षा करून कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर खोदलेली चित्रं, बघता येतात. उक्षी आणि जांभरुण ही दोन्ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खोदलेल्या रेषा उथळ असतात, त्यामुळे बारा वाजता फोटोत काहीच उठत नाही. चारनंतर सूर्य कलला की तीच रेष काळी होते. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यात खडू, रांगोळी भरायची नाही, पाणी ओतायचं नाही, आणि चित्रावर पाय तर मुळीच नाही.

अमावास्या किंवा पौर्णिमा: गणपतीपुळे ते आरे-वारे ते रत्नागिरी, एकूण पंचवीसेक किलोमीटर. पायी आरे-वाऱ्यापर्यंतच. तिथे रस्ता चढून वर जातो आणि दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. सूर्यास्त इथे, मग गाडीने रत्नागिरी. रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, रात्रीची गाडी असेल तर रिक्षा आधीच सांगून ठेवा.

सूर्य कुठे मावळणार तेही तपासा. डिसेंबरात तो नेमक्या पश्चिमेला बुडत नाही, पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे पश्चिमेच्या डावीकडे अडीच मुठी. ज्या पुळणीच्या दक्षिण टोकाला डोंगर समुद्रात घुसलेला आहे तिथे सूर्य पाण्याला लागायच्या आधीच डोंगराआड जातो. नकाशावर रेघ मारून बघितलं की हे घरीच कळतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून फुकट उतरवता येतात, ते आणि उपग्रह चित्रं दोन्ही मोबाइलमध्ये साठवून ठेवा. मोबाइलच्या होकायंत्रावर मात्र कातळावर डोळे मिटून विसंबू नका, जांभ्यात लोह असतं. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे तर कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई उघड उघड फिरते.

बामणघळ

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात समुद्राने कोरलेली ही अरुंद, खोल फट. भरतीची लाट तोंडातून आत शिरते, घळ निमुळती असल्यामुळे पाण्याला जागा उरत नाही आणि ते वर उसळतं. कातळाच्या घळीचे जे फोटो बघून लोक वाळवंटात जायची स्वप्नं बघतात, तसं काही कोकणात असेल तर हे.

अडचण अशी की उसळी मोठी हवी तर उधाण हवं, आणि उधाणाची भरती भर दुपारी. उजेड डोक्यावर, घळीत काळोख, फेस पांढराफट्ट. उलट अष्टमीला भरती संध्याकाळच्या सोनेरी उजेडात येते, पण पाण्यात दम नसतो. यातून सुटका म्हणजे त्रयोदशी: तेराची पाऊणपट पावणेदहा, त्यातून पाऊण तास वजा केला तर नऊच्या सुमारास भरती, पाणी उधाणाजवळ पोहोचलेलं आणि उजेड अजून तिरका. वरचा सगळा आराखडा या एका सकाळीभोवती बांधला आहे.

आदल्या दिवशी ओहोटीत येऊन बघायचं ते यासाठी: कुठला कातळ शेवाळलेला आहे, उभं राहायची सपाट जागा कुठे, आणि कोरड्या-ओल्याची रेघ कुठवर गेली आहे. सकाळी आठला पोहोचा आणि वीस मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. लाटा गटाने येतात, दहा-बारा बेताच्या आणि मग दोन-तीन दांडग्या. वीस मिनिटांत दांडग्या लाटेचं पाणी कुठवर येतं ते कळतं. त्या रेघेच्या आणखी चार-पाच मीटर मागे ट्रायपॉड. समुद्राकडे पाठ करायची नाही, काठावर ओणवून आत बघायचं नाही, आणि एकाने कॅमेरा चालवताना दुसऱ्याने फक्त समुद्र बघायचा. एकटे असाल तर गावातल्या कुणाला सोबत घ्या. लाटांचा इशारा असेल त्या दिवशी जायचंच नाही, सगळा आराखडा या घळीसाठी बांधलेला असला तरी.

उसळलेलं पाणी थेंबाथेंबाने थांबवायचं तर १/१००० सेकंद, एफ/८, आयएसओ गरजेप्रमाणे ४००-८००, सलग फोटो काढत. लेन्स ७०-२०० ची, म्हणजे जवळ जायचा मोह होत नाही. परतणारं पाणी घळीच्या भिंतींवरून ओघळताना १/४ ते १/२ सेकंद. घळ काळी आणि आभाळ उजळ असा फरक असतो, त्यामुळे दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घ्या किंवा आभाळ चौकटीतून काढूनच टाका. बहुतेक वेळा दुसरं बरं.

खाडीचं तोंड

छोट्या खाड्या ओहोटीला गुडघाभर पाण्यातून ओलांडता येतात, गावातली माणसं रोज जातात. ती कुठून जातात ते बघून, विचारून जायचं. भरती-ओहोटीचं पाणी एकसारखं चढत-उतरत नाही. सहा तासांत पहिल्या तासाला एकूण फरकाचा बारावा भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. फरक २.४ मीटर असेल तर तासातासाला २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, आणि खाडीच्या तोंडाशी ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच. ओलांडायची वेळ पूर्ण ओहोटीच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. ओहोटी होऊन गेल्यावर निघालात तर पलीकडे पोहोचेपर्यंत पाणी वळलेलं असतं.

पाण्यात उतरताना पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर बॅग झटकन काढता आली पाहिजे. कॅमेरा ड्राय बॅगमध्ये, तोंडाला तीन घड्या. पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत पुढे न्यायचा. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेली असते, घासत गेल्याने ती बाजूला होते. अनवाणी तर नाहीच, कातळाला चिकटलेली कालवं तळपाय चिरतात. पाणी मांडीच्या वर गेलं तर परत फिरा. मोठ्या खाड्या, दाभोळ आणि जयगड, फक्त फेरीने. कांदळवनातून, खाजणातून जवळची वाट काढायला जाऊ नका, चिखलात ट्रायपॉड आणि चप्पल दोन्ही राहतात.

वजन

तंबू नेऊ नका. दर सहा-सात किलोमीटरवर वाडी आहे, घरगुती निवासात जेवणासकट सोय होते, आणि पुळणीवर तंबू ठोकायला दुसरीही हरकत आहे: गुहागरसारख्या पुळणींवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. माणूस, उजेड, शेकोटी दिसली की मादी अंडी न घालताच परत फिरते. रात्री तारे टिपायचे तर सड्यावर किंवा कातळावर जा, पुळणीवर टॉर्च पाजळू नका, लाल उजेडाचाही नाही.

पाठीवर एकूण बारा किलो, याहून जास्त नको. बॅग १.४, कॅमेरा आणि दोन लेन्स १.९, ट्रायपॉड डोक्यासकट १.५, फिल्टर-बॅटऱ्या-चार्जर-पॉवरबँक १, कपडे १.३, चादर-मच्छरदाणी-औषधं-साबण ०.९, ड्राय बॅगा आणि पावसाचं आवरण ०.३, कोरडा खाऊ ०.७, आणि पाणी ३ लिटर. लेन्स दोनच: पूर्ण फ्रेमला १६-३५ आणि ७०-२०० एफ/४, लहान सेन्सरला १०-१८ आणि ५५-२५०. मधली लेन्स नसल्याची चुटपुट पहिल्या दिवशी लागते, मग जाते. बॅटऱ्या तीन, वीस हजार क्षमतेचा पॉवरबँक एक, कारण वीज जाते. कार्डं दोन, चौसष्ट जीबीची. चोवीस मेगापिक्सेलची तीनशे रॉ चित्रं म्हणजे रोजचे नऊएक जीबी. कार्ड भरल्यावर वेगळ्या खिशात, कॅमेऱ्याच्या पिशवीत नाही.

ड्रोन घरी. वजन, बॅटऱ्या, बंदर आणि प्रकल्पांच्या जवळचे निषिद्ध भाग, शिवाय त्या घरघरीने समुद्रगरुड घरटं सोडतो. न्यायचाच असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा प्रत्येक मुक्कामासाठी तपासा.

पायात जाळीचे ट्रेकिंग बूट, तळवा चांगला धरणारा. जांभा पावलाला करवतीसारखा लागतो आणि ओला काळा कातळ साबणासारखा निसटतो. खाडीसाठी मागे पट्टा असलेली सँडल. सड्यावर नोव्हेंबरनंतर पाणी नसतं, झाड नसतं, आणि हिवाळ्यातही दुपारी पारा तिशीपार जातो. तीन लिटर भरून निघा, वाडीत पुन्हा भरा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ असू शकतं, आधी घोट घेऊन बघा. ओआरएसची पाकिटं रोज दोन, किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. ते घरोघरी मिळतं आणि लागतंही जास्त चांगलं.

सड्यावर आणि गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या कुंपणांच्या) दगडांत फुरसं हा साप असतो. लहान, मातकट, दगडाच्या रंगात मिसळून जाणारा, विषारी. गडग्यावर हात टेकून पलीकडे उडी मारू नका, बेड्यातून, म्हणजे गडग्यात ठेवलेल्या वाटेतून, जा. रात्री बूट आणि विजेरी हवीच. चावलं तर चिरायचं-बांधायचं नाही, पाय न हलवता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात. मुक्कामाच्या गावी असं रुग्णालय कुठे ते पोहोचल्यावर विचारून ठेवा.

वाळू, खार आणि फिल्टर

लाटेत ट्रायपॉड उभा करताना सगळे सवयीने वरचे भाग आधी उघडतात. इथे खालचा, सगळ्यात बारीक भाग पूर्ण बाहेर काढा, म्हणजे त्याचं कुलूप पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतं. पाय वाळूत दाबून बसवा, एक लाट जाऊ द्या, मग चौकट लावा. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड इंच-इंच बसतो, फोटो हललेला येतो आणि दोष लेन्सला दिला जातो. ओला खालचा भाग तसाच आत सरकवलात तर वाळू नळीत जाते आणि दुसऱ्या दिवशी कुलूप करकरतं. रात्री बादलीभर गोड्या पाण्यात पाय बुचकळून, उघडेच भिंतीला टेकून ठेवा.

पुढच्या काचेवर खार बसतो तो फोटो मोठा करून बघेपर्यंत दिसत नाही. कोरड्या फडक्याने घासलात तर मिठाचे कण आणि वाळू काचेवर रेघा काढतात. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. दोन फडकी दोन वेगळ्या पिशव्यांत. पुळणीवर लेन्स बदलू नका, संध्याकाळी कुठली लागणार ते खोलीतच ठरवा. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की काच धुरकटते. बंद पिशवीत वीस-तीस मिनिटं ठेवून मग उघडा, किंवा पंख्याची खोली घ्या, स्वस्तही पडते. सिलिका जेलच्या पुड्या मंद तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात.

फिल्टर दोन पुरेत: सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी काळी काच) आणि पोलरायझर (चकाकी कापणारा). सहा स्टॉप म्हणजे चौसष्टपट वेळ: १/१५ सेकंदाचे चार सेकंद. पण चार सेकंदांत लाटेचं धुकं होतं आणि आकार जातो. परतणाऱ्या फेसाच्या रेघा हव्यात तर अर्धा ते दीड सेकंद, आणि बटण लाट परत फिरल्याबरोबर दाबायचं, येताना नाही. त्यासाठी सूर्य बुडाल्यावर एनडी काढून टाका, एफ/११, आयएसओ १०० वर ही वेळ आपोआप येते. हिवाळ्यात क्षितिजावर धूसर पट्टा असतो, सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच विझल्यासारखा वाटतो आणि लोक उठून जातात. रंग बऱ्याचदा त्यानंतर दहा ते पंचवीस मिनिटांनी चढतो. थांबा, पण परतीची वाट उजेडात बघून ठेवलेली असू द्या.

ताऱ्यांसाठी सेकंदांची मर्यादा: ३०० भागिले लेन्सचे मिलिमीटर, लहान सेन्सर असेल तर आधी मिलिमीटरला दीडने गुणा. सोळा मिमीला अठरा-एकोणीस सेकंद, एफ/२.८ असेल तर आयएसओ ३२००, एफ/४ ला ६४००. क्षितिजावर मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतातच, त्यांना चौकटीच्या कडेला ढकला किंवा चित्रात सामावून घ्या.

माणसं

बंदरावर मासळी उतरताना पहाटे जो उजेड आणि गडबड असते ती टिपण्यासारखी असते, पण ती लोकांची कामाची वेळ आहे. आधी मासळी विकणाऱ्या मावशींना विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. होड्या ओढताना मध्ये उभं राहू नका, हात लावायला बोलावलं तर लावा. सडा ओसाड दिसला तरी कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि आंब्याच्या बागेत राखणीला कुत्रा असतो. देवळाच्या गाभाऱ्यात फोटो विचारल्याशिवाय नाही. संरक्षित किल्ल्यात ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागू शकते, हातात धरून काढलात तर बहुधा कुणी अडवत नाही. रोख पैसे जवळ ठेवा. रेंज गेली की मोबाइलने पैसे देता येत नाहीत.

घरच्यांकडे रोजच्या मुक्कामाचं गाव, घरमालकाचा फोन आणि भरतीच्या वेळा लिहून ठेवा. रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा हेही.

तीनच दिवस मिळत असतील तर द्वादशीला सकाळी थेट हेदवीला या, त्रयोदशीची भरती घ्या, फेरीने जयगड आणि गाडीने गणपतीपुळे, चतुर्दशीची संध्याकाळ आरे-वाऱ्याला. त्या दिवशी ओहोटी सूर्यास्ताच्या दोनेक तास आधी होऊन गेलेली असते, म्हणून खाली पुळणीवरचे फोटो आधी उरकून मग वर चढा.